वेंगाटोल्याला जाहीर पाठिंबा

पाकीट पेपरच्या गठ्ठ्यात होतं. सकाळच्या एसटीने गठ्ठा आला, मी सुतळी कापली आणि वरच्या दोन अंकांच्या मधून ते खाली पडलं. निळ्या शाईत लिहिलेलं : ‘पत्रकार भांडेकर, कुरुमपेठ’. तिकीट नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी ओळखलं. अशी पाकिटं मला वर्षातून दोनतीनदा यायची.

दोन हजार चार सालची गोष्ट. कुरुमपेठ हे जंगलातलं तालुक्याचं गाव. तिथे माझं झेरॉक्सचं दुकान होतं. एसटीडी, फॅक्स, वह्या-पेनं, सगळं त्यातच. शिवाय चंद्रपूरहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी वार्ताहर होतो. पगार नव्हता, पण कार्ड होतं. तहसीलदार खुर्ची द्यायचे. त्या वयात मला ती खुर्ची फार मोठी वाटायची.

पाकिटात एकच कागद होता. वर लाल अक्षरात नक्षल्यांच्या समितीचं नाव, खाली टंकलेला मजकूर, शेवटी प्रवक्त्याची सही. मुद्दे पाच. पहिल्यात शेजारच्या राज्यातल्या गोळीबाराचा निषेध. दुसऱ्यात समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात लढणाऱ्यांना लाल सलाम. आणि तिसरा मुद्दा आमच्या तालुक्याचा :

‘वेंगाटोला येथील आरोग्य केंद्रासमोर तेरा दिवसांपासून बसलेल्या लढाऊ जनतेला आमचा जाहीर पाठिंबा. हा लढा आमचाच लढा आहे. जनतेने तो अधिक तीव्र करावा.’

मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं.

वेंगाटोला कुरुमपेठहून चौदा किलोमीटर. तिथल्या दवाखान्यात चौदा महिने डॉक्टर नव्हता. नर्सबाई बदली करून गेली होती. रुपी हिचामी नावाची पोर अडली, तिला खाटेवर घालून जंगलातून आणली तेव्हा दाराला कुलूप होतं. दवाखान्याच्या ओसरीवरच ती गेली. पोटातलं मूलही गेलं. रुपीची सासू जुरीबाई, ही त्या भागातली सुईण. पंचवीस वर्षांत तिने किती बाळंतपणं केली त्याची गणती तिलाही नव्हती. सुनेचं मात्र तिला जमलं नाही. दिवस झाल्यावर ती येऊन दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली बसली. दुसऱ्या दिवशी गावच्या बाया बसल्या. आठवड्यात अकरा गावं आली. मागण्या तीनच : एक डॉक्टर, एक नर्स, एक गाडी.

मी पहिल्या आठवड्यात तिथे गेलो होतो. “तुम्ही स्वतः सुईण, मग डॉक्टर कशाला मागता?” असं मी तिला विचारलं होतं.

“मूल आडवं होतं,” ती म्हणाली. “मले नाही फिरवता आलं. ज्याले येते त्याले आण.”

इथला माडिया आदिवासी माणूस कलेक्टरलाही ‘तू’च म्हणतो, मीही तिला ‘तू’च होतो. मी परत येऊन बातमी लिहिली. तीन वेळा फॅक्स केली. एकदा सातव्या पानावर चार ओळी आल्या, दोनदा काहीच नाही.

तर पाकीट हातात घेऊन मी फोन लावला. आमचे उपसंपादक देशकर, एरवी माझा आवाज ऐकला की “जरा थांबा” म्हणून दहा मिनिटं थांबवणारे, लगेच सावरून बसलेले मला फोनवरूनही कळलं.

“वाचा. हळू वाचा. ‘आमचाच लढा आहे’ असेच शब्द आहेत?”

“हो जी.”

“आता झाली बातमी, भांडेकर. पहिल्या पानावर घेतो. तुमच्या नावाने घेऊ ना?”

मी दोन सेकंदही थांबलो नाही. “घ्या,” म्हणालो.

चौदा किलोमीटर म्हणजे माझ्या लूनावर पाऊण तास. आधी जाऊन त्या बाईला विचारता आलं असतं, की बाई, असं असं आलंय, छापू का? हे मला त्या दिवशी सुचलं नाही असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पाच कॉलम : ‘वेंगाटोला आंदोलनाला नक्षल्यांचा पाठिंबा’. खाली ‘मुरलीधर भांडेकर यांजकडून’. चहाच्या टपरीवर लोक अंक उघडून माझ्याकडे बघत होते. मी दोन कप चहा प्यालो.

दुपारी इन्स्पेक्टर धुमाळांनी बोलावून घेतलं. साताऱ्याकडचा माणूस, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. मूळ कागद माझ्याकडून घेतला, त्याच्यावर सही घेतली.

“काय हो पत्रकार, ही म्हातारी कोण?”

“सुईण आहे साहेब. तिची सून मेली.”

“ते माहीत आहे मला. तिच्यामागं कोण आहे ते विचारतोय.”

“कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? तुम्हीच तर छापलंय.” त्यांनी अंक टेबलावर माझ्याकडे फिरवला. “शुक्रवारी जिल्हा आरोग्य अधिकारी डॉक्टरची ऑर्डर घेऊन चर्चेला यायचे होते. आज सकाळी कळवलं, येत नाही. आणि का यावं त्यांनी? ह्या कागदानंतर मीसुद्धा त्यांना जाऊ देणार नाही.”

ऑर्डर निघाली होती हे मला माहीत नव्हतं. जुरीबाईलाही माहीत नसणार.

मी तसाच लूना घेऊन वेंगाटोल्याला गेलो. चिंचेखाली दोनशे माणूस असायचं, आता चाळीसही नव्हतं. सकाळी पोलिसांच्या दोन गाड्या येऊन गेल्या होत्या. कोण कुठल्या गावचा, नाव काय, बापाचं नाव काय, सगळं लिहून नेलं होतं. गाडी वळते न वळते तोच लोकांनी चुलीवरची भांडी उतरवली आणि आपापल्या वाटेला लागले. जुरीबाई मात्र होती तिथेच बसली होती. तिचा मुलगा दोगे, रुपीचा नवरा, बाजूला उकिडवा बसलेला. तो आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकला होता.

“ये भांडेकर,” बाई म्हणाली. “दोगेनं पेपर वाचला मले. आता तू त्याईचा कागद वाच.”

मूळ कागद पोलिसांकडे गेला होता, पण मी झेरॉक्स ठेवली होती. वाचला. ती मध्ये मध्ये थांबवत होती. समुद्रापलीकडच्या देशापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, “हे गाव कोठी आलं?”

“गाव नाही बाई, देश आहे. फार लांब.”

“तेथल्या लोकाईलेबी विचारलं नसंल,” ती म्हणाली.

पुढे तिसरा मुद्दा वाचला. तो तिने दोनदा वाचायला लावला. चुलीत लाकूड सारलं, धूर डोळ्यांत गेला, पदराने डोळे पुसले.

“जीप कोनं जाळली?” तिने विचारलं.

मी दोगेकडे पाहिलं. दोगे जमिनीकडे पाहत होता.

ही गोष्ट अकरा गावांना ठाऊक होती आणि एकाही तोंडातून निघत नव्हती. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याला जीप होती. रस्त्याच्या कामावरचे टिप्पर जाळायला जंगलातून माणसं आली, तेव्हा ती जीप लसीचे डबे घेऊन त्याच रस्त्याने येत होती. ड्रायव्हरला उतरवलं, डबे उतरवले नाहीत. आठ दिवसांनी नर्सबाईने बदलीचा अर्ज दिला. ती बातमी मीच पाठवली होती. ‘अज्ञात इसमांनी’ असं लिहिलं होतं. आमच्याकडे तसंच लिहायची पद्धत होती.

“जीप असती तर रुपी कुरुमपेठले पोचली असती,” जुरीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. “आता म्हणतेत लढा आमचा. कागद काढ. मी सांगतो, तू लिही.”

त्या भागातल्या बाया मराठी बोलताना ‘सांगतो, करतो’ असंच म्हणतात.

मी वही काढली. तिने सांगितलं ते मी माझ्या मराठीत उतरवलं, प्रत्येक वाक्य तिला वाचून दाखवलं. ते असं होतं : ‘आम्ही वेंगाटोल्याचे लोक. आम्ही डॉक्टर, नर्स आणि गाडी मागायला बसलो आहोत. आम्हाला कुणी बसवलं नाही. आम्ही कुणाचा पाठिंबा मागितला नाही. दवाखान्याची जीप जंगलातल्या लोकांनी जाळली, म्हणून माझी सून खाटेवर आली आणि मेली. त्यांना पाठिंबा द्यायचाच असेल तर पुढची गाडी जाळणार नाही एवढं लिहून द्यावं.’

मी पेन खाली ठेवलं.

“बाई, जीपचं राहू देऊ. पाठिंबा नको, एवढं पुरे आहे.”

“आई, भांडेकर बरोबर म्हणते,” दोगे म्हणाला. “त्याईचं नाव नको घेऊ.”

“काहून?”

“काहून म्हणजे? गेल्या साली पोलिसपाटलाले जंगलात नेलं ते विसरली का?”

“नाही विसरली.” ती माझ्याकडे वळली. “पाठिंबा देताना त्याईनं मले विचारलं?”

“नाही.”

“मंग मी नोको म्हनताना त्याईले काहून विचारू?” आणि थोडं थांबून म्हणाली, “उद्या सरकारनं नवी गाडी देल्ली, अन् तेबी जाळली, तर? कोनाची तरी दुसरी रुपी येईल खाटेवर. जीपचं लिहाच लागते.”

बाजूच्या चारपाच बाया अंगठे द्यायला पुढे झाल्या. तिने हात आडवा धरला. त्यांची लेकरं लहान होती. कागदाच्या खाली एकाच माणसाचा अंगठा उमटला.

परतताना वाटेत मी लूना दोनदा थांबवली. एकदा उतरून नाल्यात तोंड धुतलं. दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि तिचा मजकूर कोऱ्या कागदावर उतरवायला घेतला. जीपची दोन वाक्यं आली तेव्हा मी ती गाळली. म्हातारीचा जीव वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खाली वार्ताहर म्हणून माझं नाव जाणार होतं, हेही होतंच.

देशकर म्हणाले, “ह्यात बातमी काय आहे?” तरी छापलं. सहाव्या पानावर, जाहिरातीच्या वर.

तेवढ्यानेही पुष्कळ झालं. धुमाळांनी कात्रण फाईलला लावलं आणि वर कळवलं की आंदोलकांनी संबंध नाकारले आहेत. पांगलेली माणसं पुन्हा जमली. तीन आठवड्यांनी डॉक्टर आला, लातूरकडचा तरुण मुलगा, घाबरलेला पण कामाचा. मागोमाग नर्स आली. चिंचेखालच्या चुली विझल्या.

त्याच महिन्यात दुसरं पाकीट आलं. ‘वेंगाटोल्याच्या लढ्याचा विजय. आमच्या पाठिंब्याने शासन झुकले.’ ते मी कुणाला दाखवलं नाही. चुलीत घातलं आणि आपण फार काही केलं असं वाटून घेतलं.

मग एका बाजारच्या दिवशी, दुपारी, जुरीबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सोबत दोगे. चौदा किलोमीटर चालत आली होती. मी पाणी दिलं, तिने घेतलं.

“डॉक्टर आला,” ती म्हणाली. “गाडी नाही आली. दोगे, सांग.”

दोगेने खिशातून सरकारी पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, पूर्वीचा अनुभव पाहता सुरक्षेच्या कारणास्तव वाहन देता येत नाही.

“मी डॉक्टरले म्हटलं, आम्ही पेपरात लिहिलं हाये ना, गाडी जाळू नका म्हनून. साहेबाईले दाखव. त्यानं पेपर शोधला. त्याच्यात जीप नाही.” ती माझ्याकडे पाहत होती. “जीप कोठी गेली, भांडेकर?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक सातबाराची झेरॉक्स घेत होता, तो हळूच बाहेर सरकला.

“बाई, तुमच्या जिवासाठी गाळलं. शपथ.”

“माह्या जिवाचं मी तुले सांगतलं होतं?”

“नाही.”

“त्याईनं माह्या नावानं लिहिलं, मले न विचारता. पोलिसानं लिहिलं, मले न विचारता. तू तं मले विचारून लिहिलं. वाचून दाखवलं. अन् मंग खोडलं.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. हिशेब समजून सांगावा तशी सांगत होती. “तिघाईत तुह्यावर भरोसा केल्ता.”

मी ड्रॉवरमधून वही काढली. तिचा अंगठा असलेलं पान त्यात तसंच होतं. मी देशकरांना फोन लावला, तिच्यासमोरच, आणि पूर्ण मजकूर छापा म्हणालो. देशकर म्हणाले, आता ते शिळं झालं, आणि तुम्हाला तिथे राहायचंय की नाही? मी फोन ठेवला.

“छापत नाहीत,” मी सांगितलं.

तिने कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. “हे तं छापते.”

“हो.”

“अकरा गावं हायेत.”

तालुक्यात झेरॉक्सचं मशीन एकच होतं. अकरा गावांत कागद लागला की तो कुठून निघाला हे शोधायला कुणाला कष्ट पडणार नव्हते. ती हे जाणत होती की नाही, माहीत नाही. दोगे जाणत होता. तो म्हणाला, “भांडेकर, नाही म्हटलं तरी चालते. आम्ही हातानं लिहू.”

मी पान काचेवर ठेवलं. मशीनने अकरा प्रती काढायला जेमतेम मिनिट घेतलं असेल. प्रत्येक प्रतीवर तिने पुन्हा नव्याने अंगठा उठवला, कारण काळा अंगठा तिला तिचा वाटेना. घड्या घालून टोपलीत, मिठाच्या पुड्याखाली ठेवल्या, आणि निघून गेली.

आठ दिवसांत कागद लागले. दवाखान्याच्या भिंतीवर, शाळांवर, गोटुलांवर म्हणजे गावकीच्या घरांवर. लोक वाचत होते, ज्यांना येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घेत होते. महिनाभराने एक अनोळखी माणूस माझ्या दुकानात आला. वही घेतली. जाताना मशीनवर हात ठेवून म्हणाला, “चांगलं चालते तुमचं मशीन.” बस एवढंच.

पुढच्या पंधरा दिवसांत मी दुकान मोडलं आणि बायकोमुलांना घेऊन चंद्रपूरला आलो. कार्ड परत केलं. तेव्हापासून एका छापखान्यात प्रूफं वाचतो. वेंगाटोल्याला मी पुन्हा गेलो नाही. रोज पेपर उघडला की आधी आतली पानं बघायचो, एखाद्या म्हाताऱ्या बाईची बातमी असेल म्हणून. नव्हती. पण अशा बातम्या कधी कधी येतच नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

दहा वर्षांनी चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मेव्हण्याचे रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. आवारात एक पांढरी गाडी उभी होती, दारावर ‘वेंगाटोला’. मी जवळ गेलो. टायरपाशी बसून एक माणूस डबा खात होता. केस पांढरे व्हायला लागलेले. दोगेने मला आधी ओळखलं.

“गावची बाई आणली,” तो म्हणाला. “जुळं हाये. आत घेतलं तिले.”

“ही गाडी...”

“दुसरी हाये. डॉक्टरनं तो कागद वर दाखवला, तं पयली सात महिन्यानं आली होती, जुनी होऊन गेली.”

पुढचं त्याने स्वतःच सांगितलं.

“आईकडे आले होते ते. पाचसहा जण. मी घरीच होतो. मले वाटलं, झालं आता. त्याईनं विचारलं, कागद कोनं लिहिला? आई म्हणे, मी. म्हणे, आमच्याविरुद्ध कोनं शिकवलं? आई म्हणे, बसा. मंग तिनं रुपीचं सांगतलं. सुरुवातीपासून. किती वाजता कळा लागल्या, कोन्या नाल्यात खाट उतरवली, पोटात हात कोठपर्यंत गेला, सारं. त्याईच्यात दोन पोरी होत्या बंदूकवाल्या, त्या खाली पाहत होत्या. झाल्यावर आई म्हणे, आता तुमचा पाठिंबा सांगा. ते पानी पिऊन गेले.”

“आणि?”

“आनि काय? लिहून नाही देल्लं. पन गाडी नाही जाळली.”

जुरीबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तापाने, वेंगाटोल्याच्या त्याच दवाखान्यात, खाटेवर, डॉक्टर उशाशी असताना. दोगेने डबा धुतला, उरलेलं पाणी टायरवर ओतलं.

“माझ्याबद्दल कधी काही म्हणाली?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

त्याने थोडा विचार केला. खोटं बोलायची त्या घराला सवय नव्हती.

“म्हणे, भांडेकरनं एकदा खोडलं, एकदा छापलं. अन् पळून गेला.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने जोडलं, “आम्ही म्हटलं, पळनारच ना. तं म्हणे, पळाला ते ठीक. छापून पळाला.”

आतून नर्सने हाक मारली, “वेंगाटोल्याचं कोण आहे?” दोगे डबा तिथेच टाकून धावला.